पहिला क्रमांक कोणाला?

२०२४ सालचा हिवाळा आमच्या न्यूजर्सीच्या घरात स्थळं बघण्यात गेला. लग्न कुणाचंच नव्हतं. धाकट्या लेकीचं वैद्यकीय शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं आणि पुढची चार वर्षं मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी कुठे करायची, हे ठरायचं होतं. पण रोज रात्री जेवताना घरात जे बोलणं चाले, ते ऐकून परक्या माणसाला वाटलं असतं की मुलीचं लग्न ठरतंय. ‘घराणं नावाजलेलं आहे.’ ‘गाव फार लांब पडेल.’ ‘माणसं कशी वाटली?’ ‘बोलायला गोड आहेत, पण आतलं कसं कळायचं?’

ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी हातात पडली म्हणून लगेच दवाखान्याची पाटी लावता येत नाही. एखाद्या इस्पितळात राबून आपला विषय शिकावा लागतो. मनोविकारशास्त्राला त्यासाठी चार वर्षं लागतात. पहिल्या वर्षातले काही महिने सर्वसाधारण आजारांच्या आणि मज्जासंस्थेच्या विभागात जातात, कारण मनाचा डॉक्टर झाला तरी आधी तो डॉक्टर असावा लागतो. थायरॉइड बिघडल्याने आलेली मरगळ आणि मनाच्या आजारातून आलेली मरगळ, यांतला फरक त्याला कळला पाहिजे. मग पुष्कळसा काळ वॉर्डात, त्यानंतर बाह्यरुग्ण विभागात आणि अखेरचं वर्ष बरंचसं ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे.

आपल्याकडे एमडीच्या जागा प्रवेशपरीक्षेतल्या क्रमांकावर मिळतात. इथे सप्टेंबरात अर्ज जातात आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत मुलाखती होतात. २०२० सालच्या करोनापासून या मुलाखती बहुतेक करून संगणकाच्या पडद्यावरच होतात. त्यामुळे आमची लेक वरच्या खोलीत, कमरेच्या वर कोट आणि कमरेखाली पायजमा अशा थाटात बसून आज एका राज्यात तर उद्या दुसऱ्या राज्यात ‘दाखवून घेत’ होती.

माझा कल पहिल्यापासून मोठ्या नावाकडे होता. सांगलीच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेली बाई मी. नावाला किंमत असते हे मला लहानपणापासून शिकवलेलं. बॉस्टनजवळचं मॅक्लीन, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स, न्यूयॉर्कचं कोलंबिया ही नावं उच्चारली की मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात समोरच्या बाईच्या भुवया वर जातात, हे मी पाहिलेलं होतं. आणि उगाच का जातात? हॉपकिन्समध्ये १९१३ साली फिप्स क्लिनिक सुरू झालं. तिथल्या अडॉल्फ मायर यांनी डॉक्टरांना रुग्णाचा नुसता आजार न पाहता त्याचं आख्खं आयुष्य मांडून पाहायला शिकवलं. अशी परंपरा एका दिवसात तयार होत नाही. मोठ्या नावाच्या जागी दुर्मीळ आजारांचे रुग्ण येतात, संशोधनाला पैसा असतो, आणि पुढे नोकरी मागताना त्या नावाचं वजन पडतं. हे सगळं खरंच आहे.

एकदा मी हे सगळं तिला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, “आई, तुला टोपीका माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं. कॅन्सस राज्यातलं हे लहानसं शहर. तिथे मेनिंजर नावाच्या डॉक्टर कुटुंबाने १९२५ साली इस्पितळ काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो सैनिक मनाने खचून परत आले आणि त्यांना बघायला डॉक्टर पुरेनात. तेव्हा १९४६ मध्ये या कुटुंबाने टोपीकात मनोविकारशास्त्राची शाळा सुरू केली. बघता बघता ती मनोविकारतज्ज्ञ घडवणारी सर्वांत मोठी जागा झाली. त्या काळी हुशार मुलगा टोपीकाला जायचा. पुढे काळ बदलला, औषधं आली, विम्याची गणितं बदलली, आणि २००३ साली ती संस्था टोपीका सोडून ह्यूस्टनला गेली. “नाव म्हणजे लांबच्या ताऱ्याचा उजेड,” लेक म्हणाली, “निघाला कधी, पोचतोय कधी!”

तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. ‘यू. एस. न्यूज’ नावाचं एक प्रकाशन दरवर्षी इस्पितळांची क्रमवारी काढतं. हृदयविकाराचा वगैरे क्रम लावताना किती रुग्ण वाचले असले आकडे तरी बघतात. मनोविकाराच्या बाबतीत मात्र बरीच वर्षं नुसतं तज्ज्ञांना विचारूनच क्रम लावला गेला आहे. म्हणजे नाव कुणाचं मोठं, तर ज्याचं नाव मोठं म्हणून लोक सांगतात त्याचं! दुरून डोंगर साजरे म्हणतात ते असं.

मी ऐकून घेतलं, पण पटलं नव्हतं. पटलं ते नोव्हेंबरातल्या एका दुपारी, आणि तेही चोरून ऐकल्यामुळे.

तिच्यासाठी चहा घेऊन जिना चढत होते. दार लोटलेलं होतं. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, हाच विषय का निवडलास? हा प्रश्न सगळीकडे विचारतात आणि तिचं ठरलेलं उत्तर मला पाठ झालं होतं. घरातल्या आजाराबद्दल मुलाखतीत जपून बोल, असा तिच्या मार्गदर्शकांचा सल्ला होता. पण त्या दिवशी ती जरा थांबली. समोरच्या बाईही थांबल्या, पुढच्या प्रश्नाकडे वळल्या नाहीत. मग लेक म्हणाली, “माझ्या आईला एक मोठा भाऊ होता. तो तिच्या लग्नाला नव्हता.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंगला होता. १९७९ साली, दुसऱ्या वर्षाला असताना, त्याला आवाज ऐकू येऊ लागले. शेजारचे आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटू लागलं. देवदेवस्की झाली, अंगारे झाले. मग कुणीतरी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. इतकं मोठं की सांगलीत बसून आम्हा पोरांनाही ते पाठ झालं होतं. आईने पाटल्या मोडल्या. वडील दादाला घेऊन गिरगावात नातेवाइकांकडे उतरले. चार तास थांबल्यावर डॉक्टरांनी काही मिनिटं बघितलं. त्यांनी पहिल्याच भेटीत स्किझोफ्रेनिया हे अचूक निदान केलं आणि गोळ्याही योग्य दिल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण या गोळ्यांनी मान आखडेल, हात थरथरतील, तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. बरं वाटलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, हेही नाही. तीन महिन्यांत दादाची मान एका बाजूला वळून बसली. आईने घाबरून गोळ्या बंद केल्या. पावसाळा संपायच्या आत आजार दुपटीने परत आला.

नंतर भेटला तो जिल्ह्यातल्याच सरकारी इस्पितळातला एक तरुण डॉक्टर. नाव कुणी ऐकलेलं नाही. त्याने दादाला तपासलं आणि मग आईला खुर्ची दिली. विचारलं, “हा जेवतो काय? कुणाबरोबर जेवतो?” आई रडायलाच लागली. दीड वर्षात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मान का वळते ते त्याने समजावलं, त्यावरची गोळी दिली, मूळ औषधाचा डोस हळूहळू बसवला. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शनला यायचं ठरवून दिलं, आणि एखादी खेप चुकली तर पोस्टकार्ड पाठवायचा. दादा पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण माणसांत राहिला. काकांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा हिशेब त्याने वीस वर्षांहून अधिक लिहिला, एक पैसा इकडचा तिकडे न होता. २०१६ साली तो गेला.

आणि तरीही १९९३ मध्ये माझं लग्न ठरलं तेव्हा आम्ही सासरी सांगितलं की मोठा भाऊ नोकरीसाठी आखाती देशात आहे. लग्नाच्या दिवशी दादाला मावशीकडे पाठवलं होतं. कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला. पुढे यांना खरं कळलं, यांनी ते शांतपणे घेतलं. पण मुलींशी या विषयावर मी कधी बोलले नाही. सुट्टीत सांगलीला गेलो की दादामामा त्यांना गणितातल्या गमती दाखवायचा, मुली त्याच्याभोवती असायच्या. मामा ‘थोडा वेगळा’ आहे, एवढंच त्यांना ठाऊक, असं मी धरून चालले होते. ‘देवराई’ सिनेमा आम्ही घरी लावला तेव्हा अर्ध्यातून उठून मी स्वयंपाकघरात गेले होते. ते लेकीने पाहिलं होतं. पण लग्नाची गोष्ट तिला कळली ती मामाकडूनच. ती बारा वर्षांची असताना, दुकानात हिशेब लिहिता लिहिता, कसलाही राग न धरता त्याने सांगितलं होतं, “तुझ्या आईच्या लग्नाला मी नव्हतो.”

पडद्यावरच्या बाई हे ऐकून क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, “मामांना काय आवडायचं?” लेक दहा मिनिटं दादाबद्दल बोलत होती. त्याच्या आजाराबद्दल नव्हे, दादाबद्दल. मी चहा तसाच घेऊन खाली आले.

त्या बाई ज्या इस्पितळातल्या, ते नदीकाठच्या एका मध्यम शहरातलं. मंडळात कुणी नाव ऐकलेलं नाही. दुसरीकडे, एका फार मोठ्या नावाच्या जागेनेही तिची मुलाखत घेतली होती आणि तिथेही सगळे आदराने वागले होते. तिथे बोलणं झालं ते तिने केलेल्या संशोधनावर. जानेवारी संपेपर्यंत यादीच्या डोक्यावर या दोनच जागा उरल्या.

तुम्ही म्हणाल, मग अवघड काय आहे? जिथे मन जुळलं तिथे जावं. मीही तोवर पलटले होते. पण आता लेकच सावध झाली. तिचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. ती म्हणाली, “मन जुळलं म्हणजे काय, आई? जिथे सगळे माझ्यासारखेच बोलतात, हसतात, तिथे मला बरं वाटणारच. पण बरं वाटणं आणि चांगलं शिकायला मिळणं या दोन गोष्टी आहेत. एका बाईंनी एक चांगला प्रश्न विचारला म्हणून चार वर्षं द्यायची?”

तिने एका वहीत काही प्रश्न लिहिले होते. ते तिने दोन्हीकडच्या निवासी डॉक्टरांना, त्यांचे वरिष्ठ समोर नसताना, विचारले. रात्री तीन वाजता अडलं तर वर कोण असतं, आणि त्याला फोन केला तर तो वैतागतो का? बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला किती वेळ मिळतो, आणि तोच रुग्ण वर्षभर तुमच्याकडेच राहतो का? औषधं तर सगळेच शिकवतात, पण रुग्णाशी बोलून करायचे उपचार कोण शिकवतं, आणि तुम्ही कसे बोलता ते कुणी बसून ऐकतं का? तुमच्यापैकी कुणी आजारी पडलं तर त्याचं काम कोण करतं? अलीकडे कुणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? कामाचे तास इथे कायद्यासारखे बांधलेले आहेत. सरासरीने आठवड्याला ८० च्या वर जाता येत नाही. पण कागदावरचे ऐंशी आणि अंगावरचे ऐंशी यांत फरक असतो, आणि तो चेहऱ्यावर दिसतो, असं ती म्हणे.

शेवटचा प्रश्न ती कुणाला विचारत नसे, फक्त कान देऊन ऐके. रुग्ण समोर नसताना हे लोक त्याच्याबद्दल कसे बोलतात?

फेब्रुवारीत आम्ही मायलेकी दोन्ही जागा प्रत्यक्ष पाहून आलो. मोठ्या जागेची ग्रंथसंपदा, मेंदूच्या अभ्यासाच्या प्रयोगशाळा बघून मी दिपले. तिथला एक निवासी डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाला, “संशोधन करायचं असेल तर याहून चांगली जागा शोधू नकोस. मी त्यासाठीच आलो आणि मी सुखी आहे.” मला तो मुलगा आवडला. त्याच्यासाठी ती जागा योग्यच होती. नदीकाठच्या इस्पितळाची इमारत जुनाट, रंग उडालेला. मी खाली उपाहारगृहात बसले होते. शेजारच्या टेबलावर तीन निवासी डॉक्टर जेवत होते. एकीला फोन आला, तशी ती ताट तसंच ठेवून उठली आणि दुसऱ्याला म्हणाली, अमुक आजोबा जेवत नाहीयेत, मी जाऊन बसते त्यांच्याजवळ. खाटेचा नंबर नाही, रोगाचं नाव नाही. आजोबांचं नाव घेऊन म्हणाली. एका घासावरून भाताची परीक्षा करू नये हे मला कळतं. तरी मी ते लेकीला सांगितलं.

आता यादी लावायची होती. इथली पद्धत मोठी गमतीची आहे. उमेदवार आपल्या पसंतीने जागांची यादी देतो, इस्पितळं आपल्या पसंतीने उमेदवारांची देतात, आणि संगणक दोन्हींचा मेळ घालतो. ही व्यवस्था १९५२ पासून चालत आली आहे. त्याआधी इस्पितळं एकमेकांवर कुरघोडी करत मुलांना पदवीच्या कितीतरी आधीच गाठायची आणि ‘आत्ताच्या आत्ता हो म्हण’ म्हणून गळ्याशी यायची. १९६२ साली गेल आणि शॅपली या दोन गणितज्ञांनी अशा जुळणीवर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात कॉलेजप्रवेशाबरोबर चक्क विवाह हा शब्द आहे! म्हणजे आमच्या घरची स्थळांची भाषा अगदीच गावंढळ नव्हती. पुढे ॲल्विन रॉथ यांनी या डॉक्टरांच्या जुळणीची रीत सुधारली. ती १९९८ पासून वापरात आहे. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

यातली मेख अशी की इथे हुशारी करून फायदा नसतो. पहिला क्रमांक आवाक्याबाहेरच्या जागेला दिला आणि ती मिळाली नाही, तरी दुसऱ्या क्रमांकाची जागा मिळण्याची शक्यता त्यामुळे तिळभरही कमी होत नाही. म्हणून ‘ते आपल्याला घेतील का’ हा विचार करायचाच नसतो. आपल्याला खरोखर काय हवंय, तेवढंच क्रमाने लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याला काय हवंय हे कुठलीही लबाडी न करता लिहिण्याची वेळ माणसावर आयुष्यात कितीदा येते? माझ्यावर १९९३ साली आली असती, तर मी काय लिहिलं असतं?

मुदतीच्या आदल्या रात्री लेक स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, “आई, मामाला तू या दोन्हींतल्या कुठे नेलं असतंस?”

मी खूप वेळ विचार केला. तिला खरं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “पहिल्यांदा मोठ्या जागी. काय झालंय हे शंभर टक्के कळावं म्हणून. आणि मग पुढची पस्तीस वर्षं, त्या नदीकाठी.”

ती काही बोलली नाही. वर गेली. सकाळी यादी गेली होती. क्रम तिने सांगितला नाही, मीही विचारला नाही.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी, २१ तारखेला, दुपारी बारा वाजता सगळ्या देशातल्या मुलांनी पाकिटं उघडली. आमच्या लेकीने चिठ्ठी वाचून आमच्यापुढे धरली. नदीकाठचं गाव होतं. “पहिलंच,” ती म्हणाली. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात एका बाईंनी विचारलं, “कुठे मिळालं?” मी नाव सांगितलं. भुवया वर गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “हो का? चांगलं असेल ना?” मी म्हटलं, “चांगलं आहे. आम्ही बघून आलो.” मग, का कोण जाणे, पुढे म्हणाले, “माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. म्हणून तिने हा विषय घेतला.” बत्तीस वर्षांत चारचौघांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. बाई जरा गप्प झाल्या. मग माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेल्या आणि आपल्या मुलाबद्दल बोलू लागल्या.

आपल्याकडच्या मुलांना जागा क्रमांकावर मिळते, तरी तिथेही पसंतीचा क्रम भरावा लागतोच. निम्हान्ससारखं नाव मिळत असेल तर आनंदच आहे. पण यादी भरताना आईबापांनी भुवयांचा हिशेब थोडा बाजूला ठेवावा, आणि लेकीच्या वहीतले प्रश्न मुलांनी तिथल्या निवासी डॉक्टरांना जरूर विचारावेत. सर्जनचं हत्यार चाकू. मनोविकारतज्ज्ञाला औषधांबरोबर स्वतःलाच वापरावं लागतं. त्या हत्याराला धार कुठे लागेल आणि ते कुठे बोथट होईल, हे नावावरून कळत नाही.

निर्णय बरोबर ठरला का, ते चार वर्षांनी कळेल. जुलैत काम सुरू झाल्यापासून तिचे फोन कधी रडवेले असतात, कधी नुसतेच थकलेले. एका रात्री, दोन वाजता, तिचा फोन आला. मी धसकून उठले. म्हणाली, “काही नाही गं. आज एक आई आपल्या मुलाला भरती करून गेली. जाताना मला विचारलं, तो जेवेल ना इथे? मी म्हटलं, त्याला काय आवडतं ते मला सांगून जा. मग ती बसली, आणि अर्धा तास सांगत होती.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, मी लिहून घेतलं.”